पानचेटी

पहाटे पाचला मार्केट यार्डात
शेवंतीचा भाव विचारला, तर धनवडे म्हणाला,
मार्गशीर्षातला गुरुवार आहे ताई, आज बोलूच नका.
मग निशिगंध घेतला दोन किलो,
जरबेराच्या चार जुड्या,
आणि हिरवं म्हणून कामिनीचा पाला.
लग्न आहे का घरी?
नाही, नाताळ. देवळाची सजावट.
मग लाल नको का तुम्हाला?
लाल आमच्या घरचं असतं, मी म्हटलं,
आणि रिक्षा संगमपुलावर आल्यावर आठवलं,
यंदा नाहीये.

खडकीला आमच्या चाळीत, नळाच्या शेजारी,
रिबका आत्याची पानचेटी. माझ्या डोक्याच्या वर गेलेली.
फूल नव्हे गं ते, ती सांगायची, पानंच आहेत.
फुलं ती मधली, पिवळी, मुगाच्या दाण्याएवढी,
त्यांच्याकडे बघतंय कोण.

दसरा झाला की रोज संध्याकाळी सहाला
ती झाडावर गोणपाट टाकायची,
त्यावर जुन्या छत्र्यांचं काळं कापड, सेफ्टी पिनांनी टाचलेलं.
सकाळी आठला काढून घडी करायची.
निमकर काकू गॅलरीतून विचारायच्या,
रिबका, झाडाला थंडी वाजते का?
आत्या नुसती हसायची.
दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली बाई,
कारणं सांगायची सवय नव्हती.

गव्हाणीसाठी लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांत गहू पेरायची,
काकू म्हणायच्या, तुमचे घट जरा उशिरा बसले.
सुरूच्या फांद्या आमोस आणायचा नदीकडून, सायकलला बांधून,
अख्ख्या रस्त्यावर हिरवा केर.
आणि चोवीस तारखेला दुपारी, वेदीच्या पायरीवर बसून,
ती पानचेटीचा एकेक देठ तिरका कापायची,
पांढरा चीक ठिबकायचा,
ते टोक मेणबत्तीवर धरायची, चर्र होईपर्यंत.
मी लहान होते, डोळे मिटायचे.
भाजल्याशिवाय पाणी धरत नाही ते, एवढंच म्हणायची,
आणि पुढचा देठ मागायची.

श्रावणात आत्या गेली.
दसऱ्याला गोणपाटाची आठवण कुणाला असणार?
त्याच महिन्यात कँटोन्मेंटनं चाळीसमोर नवा दिवा बसवला,
पांढराशुभ्र, रात्रभर दुपार.
सगळ्यांनी कौतुक केलं. मीही.
डिसेंबर उजाडला आणि झाड हिरवंगार,
खतपाणी सगळं वेळेवर, पान न् पान टवटवीत,
लाल मात्र एक नाही.
मला वाटलं दुःखानं झालं असेल.
माणूस काहीही मानतो.

आज फुलांच्या पिशव्या उतरवून हात धुवायला वाकले,
तर पाण्याच्या टाकीमागे,
जिथं दिव्याचा उजेड वळसा घालून पोचत नाही,
भिंतीला पाठ लावून एकच फांदी,
लाल. अशी लाल
की मी नळ बंद करायचा विसरले.

मग हळूहळू कळत गेलं,
गोणपाट, छत्र्या, सहा वाजता, आठ वाजता.
थंडी नव्हती वाजत झाडाला.
त्याला रात्र लागत होती. पुरती, न तुटलेली.
ती तेवढी शिवून द्यायची रोज,
आणि आम्ही समजत होतो म्हातारी झाली.

आता चाळीवर सतरा चांदण्या लुकलुकतायत,
साळव्यांच्या मुलानं सुरूच्या झाडाला माळ गुंडाळलीय,
ती उघडझाप करते, गाणंही म्हणते.
असू दे.

फांदी कापली. चीक आला.
मेणबत्तीवर धरली तेव्हा डोळे उघडे ठेवले.
वेदीवर निशिगंध, जरबेरा सगळं कसं भरगच्च,
ही कुठं ठेवू? आमोस म्हणाला, मध्ये ठेवा.
मी गव्हाणीमागे ठेवली, कोपऱ्यात,
गव्हाच्या कोंबांच्या पल्याड, जिथं बल्ब पोचत नाही.
बघणाऱ्याला वाकावं लागेल.

निमकर काकू रात्री फराळाचं ताट परत द्यायला आल्या,
ताटात तिळाच्या वड्या.
जाता जाता म्हणाल्या, ते छत्रीचं कापड
आमच्या माळ्यावर पडलंय गं, रिबकानं ठेवायला दिलेलं.
टाकून देऊ का?