पान चार : जळण

मोरोनीहून आलेला फॉर्म चार पानी आहे.
पान एक : जनरेटर आणि वाहनं. डिझेल किती, तास किती.
अंजुआनच्या या टोकाला वीज दिवेलागणीला येते
आणि भात शिजायच्या आत उठून जाते,
पाहुण्यासारखी नाही, वसुलीवाल्यासारखी.
मी लिहिते : अडीच तास.

पान दोन : गुरंढोरं.
बाकारीच्या शेळीनं खुंट्याभोवती फिरून फिरून
दोरी संपवलीय. आता बसून रवंथ.
तिचे ढेकर मोजायचेत मला. वर्षाचे. किलोत.
"लिही," बाकारी म्हणतो, "पण कर लागणार असेल
तर शेळी माझ्या मेहुण्याची."

पान तीन : कचरा.
गावाला उकिरडा नाही, समुद्र आहे.
ओहोटीला नेतो, भरतीला परत आणतो.
असा रकानाच नाही. रेघ मारते.

पान चारला सितिनाची भट्टी.
पहाटे तोडलेली इलांग-इलांगची फुलं,
पिवळी, लुळी, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी,
बंबात गळ्यापर्यंत कोंबलेली.
खाली आंब्याचं खोड. रात्रभर जळलं,
उद्या दुपारपर्यंत जळेल.
वाकड्या नळीच्या तोंडाशी
एक थेंब
तयार होतोय.

"लाकूड किती लागतं?"
ती डोंगराकडे बोट दाखवते.
मला वाटतं, प्रश्न कळला नाही तिला.
मग मीच बघते तिकडे.
तिथे आम्ही धुणं न्यायचो. एक नदी होती.
आता नुसते गोटे, वाळत घातल्यासारखे.

"टनात सांग."
"आई जायची तेव्हा मोळीला अर्धा तास.
मी जाते, मला चार.
कर तुझे टन."

तेल जहाजानं जातं, दूर.
कुठल्याशा बाईच्या कानामागे हे फूल उमलेल,
तिच्या देशाच्या फॉर्मात हा धूर नसेल.
जिथे जळतं तिथे लिहायचं,
नियम आहे. मी प्रशिक्षणात पाठ केलाय.

निघताना सितिना माझ्या मनगटावर
बोट टेकवते. एकच थेंब.
"हा मोजू नकोस."

परतीच्या बोटीत इंजिन खोकतं,
निळा धूर पाण्यावर रेंगाळतो,
मनगटाच्या वासाला तो झाकत नाही
की तो वास धुराला.
किनारा दिसेनासा झाल्यावर आठवतं :
पान एक, वाहनं,
खालून दुसरी ओळ.
ही बोट राहिली.