मूल्यमापन

प्रश्न पहिला : तुमच्या अंकाने रॉक मासिकांचे
प्रचलित संकेत कुठे पाळले, कुठे मोडले?

सर, आधी पाळलेच होते.
काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं,
कॅलमने केस डोळ्यांवर ओढून
कॅमेऱ्याकडे असं बघितलं
की जणू कॅमेऱ्याने त्याचे पैसे बुडवलेत.
चाळीस फोटो काढले.
चाळीसही फोटोंत तो कॅलमच राहिला,
दंतवैद्याचा मुलगा, उसन्या जॅकेटातला.

मग गुरुवारी आई किल्ली विसरली
म्हणून ती द्यायला मी मासळीच्या कारखान्यात गेले.
शीतगृहाच्या दाराशी लोरेन ब्लँचर्ड
सिगारेट पेटवायला बघत होती
आणि बोटं तिचं ऐकत नव्हती.
अठ्ठावीस वर्षं हॅडॉकचे काटे काढतेय.
डाव्या तर्जनीचं पेर
कुठल्या तरी पेटीतून कधीच बर्मिंगहॅमला गेलं.
आई म्हणाली, ही पूर्वी बेस वाजवायची,
हलला, लीड्सला, एकदा तर हॅम्बुर्गच्या बोटीवर.
लोरेन म्हणाली, बोटीवर सगळे नुसते ओकत होते.

नावाची अक्षरं मी संगणकातली घेतली नाहीत.
त्याच दारावर कागद धरून पेन्सिल घासली,
दार जसं गंजलंय तशी उमटली :
रस्ट.
ट जरा कलंडलाय. दारही कलंडलंय.

शाळेचा बेस नेला होता, तीनच तारांचा.
म्हटलं, केसांची जाळी काढता का?
म्हणाली, पाळी संपायला अकरा मिनिटं आहेत,
काढली तर पगार कापतील.
म्हणून जाळी आहे, पांढरे गमबूट आहेत,
एप्रनवर खवले आहेत, जे तुम्हाला
छपाईचे ठिपके वाटले.

अॅम्प नव्हता. तिने आखूड बोटाने
सगळ्यात जाड तार दाबली आणि छेडली.
ऐकू काहीच आलं नाही,
मागे फोर्कलिफ्ट बीप बीप करत होती.
तार मात्र थरथरताना दिसली, आणि तिची मानसुद्धा.
फोटोत तेवढंच धूसर आलंय.
समासात तुम्ही लिहिलंत : फोकस बघ.
बघितला सर. फोकस तिथेच आहे.

वाचकवर्ग कोण, या रकान्यात आधी होतं
मुलगे, सोळा ते चोवीस, गिग्जना जाणारे.
बारा जणांना नमुना दाखवला.
अकरा म्हणाले, विकत घेणार नाही.
बारावी माझी आई. तिने किंमत विचारली.

मधल्या दोन पानांचं शीर्षक :
बोटी गेल्या, बोटं राहिली.
ग्रिम्सबीत आता मासा येतो तो ट्रकमधून,
हे मुलाखतीत आहे. बाकी मुलाखतीत फारसं काही नाही.
विचारलं, बँड का मोडला?
म्हणाली, व्हॅन मोडली.
पुढचा प्रश्न विचारेपर्यंत ती हात धुवायला गेली होती.
तिथे मी पाऊण स्तंभ कोरा सोडलाय.
तो चुकून राहिलेला नाही.

बारकोड मी फिश फिंगरच्या पुड्यावरून उचलला,
हे आता कबूल करते.
लोरेनने प्रत कोपऱ्यावरच्या दुकानात नेली,
पोराने गंमत म्हणून यंत्राखाली धरली :
दहा नग, एक पौंड एकोणनव्वद.
म्हणाली, महाग लावलंस गं.

शेवटचा प्रश्न : मागे वळून पाहताना काय शिकलात?

लोरेनने दोन प्रती मागितल्या.
एक स्वतःला, एक ड्रमरला.
तो कुठे असतो माहीत नाही,
त्याची आई त्याच घरात आहे, निळं दार,
घंटी चालत नाही, जोरात ठोकावं लागतं.
मी जाऊन ठोकलं. म्हातारीने पाकीट घेतलं,
वजन केल्यासारखं हातावर तोललं
आणि दार लावून घेतलं.

काही उत्तर आलं तर परिशिष्टात जोडेन.
अंतिम तारीख शुक्रवार आहे,
ठाऊक आहे मला.