पाणी मारायची वेळ

ऊन उतरेपर्यंत टँकरला हात लावायचा नाही,
हे मी हुसेन तडवीला तीनदा सांगितलंय.
अखाजीच्या आठवड्यातलं ऊन, तेही पारोळ्याच्या बाजूचं,
चारला मारलेल्या पाण्याचा पाचला पत्ता नसतो.
रात्री साडेदहा. वारा पडला की.
तेव्हा माती पिते.
दिवसा ती नुसती ओली होते.

सहाशे मीटरचा वळसा, बोरीच्या काठच्या पडीत.
खाली काळी, आणि काळीचा भरवसा नाही:
भिजली की चाकाला लोंबते,
सुकली की फाटते, कोपरापर्यंत हात जाईल अशी.
म्हणून वर मुरूम, दोन डंपरला अर्धा डंपर काळी,
मग वखर, मग पाणी, मग रोलर,
मग पुन्हा वखर,
कारण रोलर फिरल्यावरच कळतं
कुठं खोटं बसलंय.

रोलर बांधकाम खात्याचा, लिलावात निघालेला.
पोरांनी वर्गणी काढून घेतला, म्हणाले,
सुपडूतात्या, तुम्हीच चालवा, तुमच्या ओळखीतला दिसतो.
होताच.
पेडलवर माझ्या टाचेचा खळगा अजून आहे.

तीस वर्षं रस्ते दाबले मी.
एरंडोल, धरणगाव, बेटावद,
नकाशावर केसाएवढ्या रेघा.
वहीत जाडी वीस, जमिनीत बारा,
साहेबाची सही, आणि पहिल्या पुरात
सहीसकट सगळं नाल्यात.
मला कुणी विचारलं नाही.
मीही कुणाला.

याची वहीच नाही.
मी स्वतः सळई खुपसून बघतो.
वीस म्हणजे वीस.

काल एक म्हातारी शेळ्या घेऊन थांबली.
"हाऊ रस्ता कथा जास, भाऊ?"
"कथाच नही, माय. आठेच फिरस."
ती हसली नाही. वाकली, मूठभर उचलली,
दाबली, उघडली. गोळा फुटला नाही.
"पेराले चांगली शे," म्हणाली,
आणि शेळ्यांमागं गेली.
इतकी नीट तपासणी
माझ्या नोकरीत एकदाही झाली नव्हती.

धूळ बसावी म्हणून पाण्यात कारखान्याची मळी,
सहाला एक.
परवा पहाटे बघतो तर मुंग्या.
पुरा वळसा धरून, एका रांगेत,
शिस्तीत, उलट्या दिशेनं.
हुसेन म्हणाला, यांची नावं लिहून घेऊ का?

तिसऱ्या वळणाला मी जास्त वेळ देतो.
गेल्या साली चोपड्याच्या कुंदनची एटहंड्रेड
तिथं दोनदा उलटली.
खांदा निखळलेला, तरी बाहेर येऊन चहा मागितला त्यानं.
सगळे म्हणाले, पोरगं हाणतंच फार.
मी ऐकून घेतलं.
वळणाच्या आतल्या अंगाला
बशीएवढा खळगा होता.
आदल्या संध्याकाळी मला दिसला होता.
अंधार पडत होता. जेवायला हाक आली होती.
शेवभाजी होती, आठवतं.

यंदा तिथं चार बोटं चढ जास्त,
मुरूम हातानं चाळून, खडा न खडा वेचून.
टायर अर्धे पुरून चुना मारलाय.
कुंदननं परत नाव दिलंय.
मला बघून लांबूनच हात केला,
त्याच खांद्याचा.

उद्या अकराला झेंडा पडेल
आणि बारापर्यंत माझा रस्ता
समोरच्या बाभळींवर जाऊन बसेल.
बसू दे. मोडायलाच केलाय तो,
निदान हे सगळ्यांना ठाऊक आहे.
दोन शर्यतींच्या मध्ये पंधरा मिनिटं मिळतात:
टँकरची एक फेरी, वखराची एक.
लोक तेवढ्यात भजी खायला जातात.

हुसेन, कर चालू.
पहिल्या गिअरात, नळ अर्धा.
तिसऱ्या वळणाला थांबशील.
मी येतोय पायीच,
बॅटरी घेऊन.