रिकामी खुर्ची

वाल्पाराइसो, तिसरा मजला. खिडकीखाली बंदर,
कंटेनर आदळल्याचे आवाज.
सेन्योर उलोआ, वय एकोणऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं.
चाळीस वर्षं टेकडीवर चढणारी लिफ्ट चालवली;
आता डाव्या कडेला उरलाय
दाराच्या फटीएवढा उजेड.

मी सगळं नीट केलं होतं, बहुतेक.
नाव सांगून मगच हात लावला,
सुईआधी सुई म्हटलं,
ताटाचं घड्याळ करून दिलं:
मासा सहावर, बटाटे बारावर,
तीनवर लिंबू, जपून, बिया आहेत.
फॉर्म वाचून दाखवला, बारीक अक्षरांसकट.

मग कॉरिडॉरमधून कुणीतरी हाक मारली
आणि मी उठले, रबरी तळव्यांनी, न बोलता.

परतले तेव्हा ते
खुर्चीला सांगत होते
रोसाउराबद्दल,
भूकंपाच्या रात्री ती लिफ्टमध्ये
अर्ध्या टेकडीवर कशी अडकली,
मांडीवर जिवंत कोंबडी घेऊन.
हसायची जागा आली
तिथं ते थांबले,
माझ्यासाठी.

शेजारच्या खाटेवरचा मुलगा भिंतीकडे बघत होता.

मी हसले. दारातूनच. उशिरा.
त्यांनी मान वळवली
आवाज आला त्या दिशेला,
खुर्चीपासून चार पावलं लांब.
काही बोलले नाहीत.
चादरीची कड तेवढी
बोटांनी सरळ करत राहिले.

आता रोज सांगते:
मी यामिला, निघते आहे.
दार पूर्ण उघडं ठेवलंय, बेल उजव्या मनगटाशी.
जा, म्हणतात.
आणि तरी, जरा थांबून,
हात लांब करून
खुर्ची चाचपून बघतात.