फुटाला सूतभर

आठ दिवसांसाठी आलो होतो उद्यमनगरात,
मामाच्या ओळखीनं,
आप्पालाल मिस्त्रींच्या पॅटर्न शॉपमध्ये.
त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

तेव्हा खिशात बीएस्सीची मार्कशीट होती,
घड्यांवर फाटत आलेली,
आणि डोक्यात एकच किडा:
आपण नेमके कशासाठी?
रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून विचारायचो,
भेळेच्या कागदाची चिंधी होईपर्यंत.
रंकाळा काही बोलला नाही.
त्याला त्याची जलपर्णी होती.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी हातात पट्टी दिली.
म्हटलं, ही चुकीची आहे,
हिचा फूट फुटाहून मोठा आहे.
ते तंबाखू मळत राहिले. मळून झाल्यावर म्हणाले,
"चुकीची न्हवं लेका.
लोखंड निवताना आटतंय, फुटाला सूतभर.
म्हणून लाकूड आधीच तेवढं जास्त धरायचं.
आटणार हाय हे ठरलेलंच,
त्यात तोंड पाडायचं काय?"

मग हळूहळू सागवानाचा वास कपड्यांतून जाईना.
कडांना उतार द्यायला शिकलो,
म्हणजे साच्यातून निघताना वाळू दुखत नाही.
आपलं लाकूड वाळूत दाबतात, ठोकून, अलगद उचलून घेतात.
मागे राहते पोकळी.
शिरोलीच्या भट्टीतलं लाल पाणी तिच्यात उतरतं.
लाकूड परत फळीवर, धूळ खात.
पंपाला कुणी विचारत नाही,
तुझं लाकूड कुठाय?

दाजी दर दिवाळीला विचारायचे, "अजून तिथंच?"
"बघतोय की दुसरीकडं."
बघत नव्हतो. रंधा मारत होतो.
ते बघणं नेमकं कधी थांबलं,
तारीख सांगता येणार नाही.

परवा मंगळवार पेठेत दळण घेऊन गेलो,
हौसाक्काच्या गिरणीत.
लाईट गेलेली. बायका ओट्यावर बसलेल्या.
डबा सारायला वाकलो,
तर गिरणीच्या पायावर, पिठाखाली, उठावाचे आकडे:
४१७.
सातचं शेपूट वाकडं.

तो सात माझा.
पहिल्या वर्षी घाईत चिकटवलेला.
खरवडायला निघालो तेव्हा मिस्त्री म्हणाले होते,
"ऱ्हाऊ दे. कळंल तरी कुणाचा हाय ते."

बोटानं पीठ पुसलं. लोखंड गार होतं.
"काय हरवलं व्हय?" हौसाक्कानं विचारलं.
नाही म्हणालो.
एवढ्यात लाईट आली, पट्टा फिरला,
आणि पायातली थरथर बोटातून कोपरापर्यंत चढली.
"हात काढा, पाव्हणं!"
काढला.
शाळूचं पीठ डब्यात पडत होतं, गरम.

मिस्त्री जाऊन चार वर्षं झाली.
पट्टी माझ्याकडं आहे.
काल नव्या पोरानं ती फळीवर धरली,
पुन्हा धरली,
म्हणाला, ही चुकीची आहे ना?

मी तंबाखू खात नाही.
म्हणून नुसताच थांबलो,
मळायला लागतो तेवढा वेळ.