माझं, तुझं, सोड

लिन्सी,
तुला मराठीतले चारच शब्द येत होते,
माझं, तुझं, सोड, मागे.
तेवढ्यावर आपण नऊ वर्षं काढली
आणि एकवीस देशांतली विमानतळांवरची बाकडी.

समोरच्यांना कळू नये म्हणून ही भाषा.
आमच्या जेलरोडला शटलला फूल म्हणतात,
म्हणून माझं, माझा नाही,
हे शिकवण्यात एक अख्खा कॅम्प गेला.
तू विचारलंस, फूल नपुंसकलिंगी कसं?
मी म्हणाले, खाली पडलं की कुणाचंच नसतं, म्हणून.

पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये.
दिवसभर कोट्यवधी मोजायचे
आणि गेटवर झडती देऊन
रिकाम्या खिशांनी घरी यायचे.
पिसांच्या फुलांचा डबा महिन्याला एकच परवडायचा.
वाकडी झालेली फुलं आई चहाच्या आधणावर धरायची.
पिसं सरळ व्हायची,
फक्त हॉलमध्ये माझ्या सर्व्हिसला आल्याचा वास यायचा.

सोळा पिसं, सगळी डाव्या पंखाची.
हे तुला माहीत होतं.
म्हणून नांदूरमधमेश्वरला, त्या डिसेंबरच्या धुक्यात,
पट्टकदंबांचा थवा पाण्यावर उतरला तेव्हा
तू दुर्बीण न काढता गाईडला विचारलंस,
ह्यांचे डावे पंख शाबूत आहेत ना?
तो बिचारा रजिस्टरमध्ये बघायला लागला.

जागतिक क्रमवारीत आपण चोविसाव्या.
काका विचारायचे, बरं, पण त्यातली तू कितवी?
पेपरात फोटो आला,
नाशिकची कन्या बरोबर मधोमध,
आणि कडेला, कापता कापता राहिलेलं,
तुझं कोपर, पट्टीसकट.
ते कात्रण तू मागून नेलंस.
म्हणालीस, माझं कोपर आहे, मला हवं.

मी कायम जाळीपाशी, तू मागे.
पाठीमागे धरलेली माझी दोन बोटं, कधी एक, कधी मूठ.
नऊ वर्षं तू माझी पाठ वाचत होतीस.
मला मात्र नुसती ऐकू यायचीस,
बुटांची चिरक, दाबलेला श्वास,
आणि मग कानशिलाजवळून सूं करून फूल.

त्या उपांत्य फेरीत, तिसऱ्या गेमला, वीस-वीस.
मधोमध आलं.
साधं होतं.
तू काही बोलली नाहीस, मीही.
पाच ग्रॅमची वस्तू,
पण पडल्याचा आवाज हॉटेलपर्यंत आला आपल्यासोबत.
लिफ्टमध्ये आपण आकड्यांकडे बघत उभ्या होतो.

पुढचं सगळं मेलवर. माझा गुडघा, तुझी नवी जोडीदार.
चोविसावा क्रमांक कुणी हिसकावला नाही,
काही आठवड्यांनी तो नुसता यादीत सापडेना.

आता पहाटे साडेपाचला मी हॉल उघडते.
दिवे तापायला वेळ लागतो, तेवढ्यात पोरींकडून झाडून घेते.
परवा पाळद्यांची इरा आणि रुख्सार,
दोघींच्या मध्ये फूल पडलं,
आणि दोघी एकदमच म्हणाल्या, सॉरी.
मी शिट्टी तोंडात धरून उभी.
एवढं सोपं होतं का हे?

काल रात्री मोबाईलवर तुझी मॅच लावली.
मागून नाही, पुढून. पहिल्यांदाच.
स्मॅश मारायच्या आधी तू जीभ बाहेर काढतेस, लिन्सी,
चित्र रंगवणाऱ्या पोरासारखी.
हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?

दुसऱ्या गेममध्ये एक उंच आलं, बेसलाइनवर.
ती हैदराबादची पोरगी हात उचलून मागे सरकली.
तू ओरडलीस, सोड!
तिला कुठलं मराठी.
पण तिनं सोडलं.
बाहेर पडलं, दोन बोटं.