रकाना

दर दुसऱ्या शनिवारी, साडेपाचला,
सिडकोतल्या एका बालवाडीत आम्ही बसतो
गुडघे हनुवटीला लागतील अशा खुर्च्यांवर.
भिंतीवर क कमळाचा. पंखा तीनवर अडकलेला.
चपला बाहेर काढायच्या, आणि चपलांबरोबर
‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्यही.
खैरनार दर वेळी ते पायात घालूनच आत येतात.

गांगुर्डेबाई हसत हसत सांगतात:
त्यांचा प्रज्ञेश मॉलमध्ये सरकत्या जिन्यासमोर आडवा पडतो,
लोक त्याला ओलांडून जातात
आणि वर पोचल्यावर वळून बाईंकडे बघतात.
कुणी चांदण्यांचा तक्ता सुचवतं.
कुणाच्या पोरानं त्या चांदण्याच चावून टाकल्यात.
नोट प्रेसमधले बोरस्ते फक्त ऐकतात.
मुलगा दिवाळीपासून त्यांच्याशी बोललेला नाही.
चौदाचा आहे.

मी अंबडला क्वालिटीत आहे.
दिवसाला चारशे बुश हातातून जातात,
गेज बसलं तर पास, अडकलं तर लाल पेटी.
मला वाटलं, मोजलं की कळतं.
म्हणून उर्वीसाठी वही केली, पट्टीनं आखून.
तारीख. वेळ. कारण. काय केलं. किती मिनिटं.

त्या दिवशी माझी पाळी. वाचू लागलो:
सोमवार, सात चाळीस, भेंडी, ताट ढकललं, अकरा.
मंगळवार, मोजे टोचतात, एकच फेकला, सहा.
गुरुवार, विनाकारण, बावीस.
माना डोलत होत्या.
मला माझा आवाज आवडायला लागला होता.

कासार मॅडम म्हणाल्या, नोंदी छान आहेत.
यात तुम्ही कुठल्या रकान्यात?

मी म्हणालो, वही तिची आहे.
कुणी हसलं नाही.
काहीतरी करायचं म्हणून पान उलटलं.

मागं पेन्सिलीनं. रेघा हातानं ओढलेल्या, वाकड्या.
‘बाबा. बुदवार. रात्री.
कारण दूद सांडलं.
काय केलं ओरडला आणि मला ढकललं.
किती मिनिटं’
आणि तिथं आकडा नाही.
घड्याळ येतं तिला, मीच शिकवलंय.
तिथं लिहिलंय: अजून.

पुढे? मॅडमनी विचारलं.
पुढचं लिहायचं राहिलंय, म्हणालो.
गांगुर्डेबाईंनी शेजारून पान पाहिलं होतं.
त्यांनी बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला
आणि प्रज्ञेशचं, सांगून झालेलंच, पुन्हा सुरू केलं,
सगळ्यांच्या नजरा तिकडे जाईपर्यंत.

पाथर्डी फाट्याचा सिग्नल नव्वदचा.
शेजारी द्राक्षांचा टेम्पो,
क्रेटांवर ओली वर्तमानपत्रं.
मी बुधवार शोधत होतो.
दूध आठवलं, फरशीवरून फ्रिजखाली गेलेली रेघ.
ओरडलो ते आठवलं.
ढकललं ते आठवेना.
मागच्यानं हॉर्न दिला.
मग आठवलं.

ती दारातच. वाचलीस वही?
वाचली.
तिनं पेन्सिल पुढं केली:
कंपनीत करतोस तशी कर. सही.

रोज करतो ती. ‘तपासले’,
आणि खाली घाईतली दोन अक्षरं.
या वेळी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट,
आणि विचारलं, ‘अजून’च्या पुढं काय लिहू?
म्हणाली, तो रकाना माझा आहे,
तू नको लिहू.

नंतर दात घासण्यावरून रडारड झालीच.
पेस्ट तिखट लागते म्हणे. ब्रश बेसिनमागं गेला.
किती मिनिटं, पाहिलं नाही.